घळीतला डोह

कारखान्यात तिला सगळे घार म्हणायचे. हे नाव ठेवलं होतं तिच्या मैत्रिणीनं, बाटल्या खोक्यांत भरणाऱ्या पेटीवालीनं. अख्ख्या कारखान्याला नावं ठेवायचा मक्ताच तिच्याकडे होता. सुपरवायझरला ती 'उकळता चहा' म्हणायची आणि भट्टीवरच्या दोघा सख्ख्या भावांना 'मीठमिरी'. त्या मानानं घार हे नाव कौतुकाचंच होतं.

कारखाना काचेच्या बाटल्यांचा. भट्टीतून निघून गार झालेल्या बाटल्या पट्ट्यावरून एकीमागे एक सरकत यायच्या आणि पांढऱ्या उजेडाच्या एका मोठ्या पडद्यापुढून जायच्या. त्या पडद्यासमोर उंच स्टुलावर ती बसायची. केसाएवढी चीर, तळाशी अडकलेला बुडबुडा, गळ्याशी आलेला किंचित वाकडेपणा, काही म्हणता काही तिच्या नजरेतून सुटायचं नाही. हात आपोआप पुढे जायचा, खोट असलेली बाटली उचलायचा आणि शेजारच्या पिंपात टाकायचा. तिथं तिचा चुरा व्हायचा आणि तो चुरा पुन्हा भट्टीत जायचा.

साध्या, बिनरंगाच्या बाटल्या चालू असल्या की तिला कंटाळा यायचा. पण हिरव्या बाटल्यांचा आठवडा आला की ती सकाळी लवकरच घराबाहेर पडायची. हिरव्या काचेतून झिरपलेला उजेड तिच्या हातांवर, मांडीवर, समोरच्या भिंतीवर हलत राहायचा. मग पट्टा, पिंप, सुपरवायझर सगळं लांब जायचं. आपण पाण्याखाली बसलोय आणि वरून पाणी एकसारखं वाहतंय, असं तिला वाटायचं. डोळे आपलं काम करत असायचे आणि ती मात्र माहेरच्या कालव्यात असायची. त्या कालव्यात वडिलांनी तिला आणि धाकट्या बहिणीला पोहायला शिकवलं होतं. वडिलांचं गॅरेज होतं, त्यामुळे ट्रकच्या टायरच्या ट्यूबा घरात हव्या तेवढ्या. पहिल्या उन्हाळ्यात ट्यूब, दुसऱ्या उन्हाळ्यात नुसते हातपाय. नंतर तर दोघी बहिणी पाण्यातून निघायचं नाव घ्यायच्या नाहीत. आई काठावर उभी राहून, ओठ निळे पडले, आता तरी निघा, असं ओरडून ओरडून दमायची.

लग्न झालं आणि पोहणं संपलं. कुणी मना केलं होतं असं नाही, पण या गावात पाणी म्हणजे नळाचं आणि बादलीतलं.

नवरा किल्ल्या बनवायचा. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकान म्हणजे तरी काय, जिन्याखालची एक बोळकंडी. भिंतभर खिळे आणि खिळ्याखिळ्याला कोऱ्या किल्ल्या, मध्ये किल्ली घासायचं मशीन आणि त्यामागे तो. माणूस अंगानं मोठा, आवाजानं लहान. आवाज मुळातच खालच्या पट्टीतला, त्यात मिशीआडून बोलायची सवय. पण बोलका मात्र भारी. लग्नानंतरची कितीतरी वर्षं रात्रीच्या जेवणाला त्याच्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी असायच्या. एक बाई एका माणसाला घरात शिरता येऊ नये म्हणून दर महिन्याला कुलूप बदलायची आणि दर महिन्याला त्याची एक जास्तीची किल्ली त्याच माणसासाठी करून घ्यायची. एका म्हाताऱ्यानं नसलेल्या कपाटाची किल्ली मागितली होती, आणि यानं ती करूनही दिली होती. ती हसून हसून बेजार व्हायची. मुलगी लहान होती, तिला त्यातलं काही कळायचं नाही, पण आई हसते म्हणून तीही हसायची.

मग हळूहळू घरात शांतता शिरली. कधी शिरली ते तिला सांगता आलं नसतं.

बाटल्या बाटल्यांवर आपटण्याचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. सुरुवातीच्या काळात कानात घालायला काही मिळायचं नाही. बायका कापूस कोंबायच्या आणि तासाभरात तो घामानं गळून पडायचा. पुढे चांगली रबरी बोंडं मिळायला लागली, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आधी किटलीची शिट्टी गेली. तिला वाटलं, शिट्टीच बिघडली. मग खिडकीतल्या चिमण्या गेल्या. मग माणसांच्या बोलण्यातली टोकं झिजायला लागली. शब्द यायचे, पण पाण्यात भिजलेल्या कागदासारखे, कुठला कुठला ते ओळखायला लागायचं. समोरच्याचे ओठ, भुवया, हात यांवरून ती उरलेलं जुळवून घ्यायची. घारच ती. कानांचं काम डोळ्यांनी केव्हा अंगावर घेतलं, तिचं तिलाही कळलं नाही. चार बायका हसल्या की तीही हसायची. कुणी अपेक्षेनं बघितलं की "हो ना" म्हणायची. "हो ना" हे उत्तर जगातल्या निम्म्याअधिक प्रश्नांना चालतं, हा तिचा अनुभव होता.

फोनचं मात्र जमायचं नाही, कारण फोनला ओठ नसतात. मुलगी शिकायला लांबच्या शहरात गेली होती आणि तिथंच नोकरीला लागली होती. तिचा फोन आला की ही दोन वाक्यं बोलायची, "बरी आहेस ना? जेवतेस ना वेळेवर?" आणि लगेच "थांब, दूध उतू जातंय, बाबांशी बोल" म्हणून फोन नवऱ्याच्या हातात द्यायची. त्या घरात इतकं दूध उतू जायचं की मुलीला शेवटी संशय यायला हवा होता. पण तिनं वेगळाच अर्थ काढला होता. आईच्या मनात अजून आपल्या जाण्याचा राग आहे, अशी तिची समजूत.

आणि नवरा? तो गप्प झाला होता. जेवताना ताटाकडे बघायचा, नंतर दुकानात जाऊन बसायचा. तिनं मनाशी म्हटलं, वय झालं, लेक गेली, माणसाला एकेकदा बोलावंसं वाटत नाही. विचारलं मात्र कधी नाही. विचारलं आणि उत्तर ऐकू आलं नाही तर?

त्या वर्षी भट्टी बंद पडली, म्हणजे बंद ठेवली. काचेची भट्टी एरवी कधी विझत नाही, रात्रंदिवस पेटलेली असते. पण काही वर्षांनी आतल्या विटा झिजतात, मग ती थंड करून आतून पुन्हा बांधावी लागते. सगळ्यांना मोठी सुट्टी मिळाली. भट्टीचे पंखे थांबले त्या दुपारी कारखान्यामागची त्यांची अख्खी गल्ली बाहेर आली. म्हातारी माणसं खुर्च्या टाकून दारात बसली. पेटीवाली शेजारच्याच गल्लीत राहायची, तीही धावत आली.

"किती शांत झालं गं!" ती म्हणाली. "कसलं भारी वाटतंय! पार टोकाचा कुत्रा भुंकतोय तोही ऐकू येतोय."

घारीनं कान दिला. तिला काहीच वेगळं वाटलं नाही. फक्त पायांखालच्या फरशीत वर्षानुवर्षं असलेली थरथर गेली होती. ती दारात उभी राहिली, लोकांच्या हरखलेल्या तोंडांकडे बघत. सगळी गल्ली शांतता ऐकत होती आणि तिला ती कितीतरी वर्षं ऐकू येत होती.

"हो ना," ती म्हणाली.

पेटीवालीनंच त्या आठवड्यात घळीचं सांगितलं. बसनं डोंगरापर्यंत जायचं, तिथून नदीच्या कडेकडेनं पायवाट आहे. दोन्ही बाजूंना कडे, मध्ये नदी. घळ जिथं अगदी अरुंद होते तिथं धबधबा, आणि धबधब्याखाली डोह. "पाणी कसं, तर आपल्या बाटल्यांसारखं," पेटीवाली म्हणाली. "अगदी तसलं हिरवं. लोक पोहतात तिथं. मी नुसते पाय बुडवले आणि किंचाळले."

हे सगळं पेटीवालीनं समोर बसून, हातवारे करून सांगितलं, म्हणून घारीला शब्दन् शब्द कळला. त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याच्या ताटात वाढता वाढता विचारलं, "अहो, आपण जायचं का घळीत?"

त्यानं मान वर केली. तिच्या तोंडाकडे असा बघत राहिला, जणू एखादं जुनं कुलूप आपोआप उघडलं होतं. मग म्हणाला, "कधी?"

सकाळच्या पहिल्या बसनं ते निघाले. दुकानावर त्यानं 'आज बंद' अशी पाटी लावली. ती लिहिताना त्याला दोनदा विचार करावा लागला, कारण अशी पाटी त्यानं याआधी कधी लिहिलीच नव्हती. पिशवीत पाव, उकडलेली अंडी आणि एक मोठा टॉवेल. तिनं कारखान्याची विजार घातली होती आणि वर त्याचा जुना शर्ट. पोहायला कपडे म्हणून तिच्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि असतं तरी तिनं ते घातलं असतं की नाही कोण जाणे.

घळीच्या तोंडाशी अजून ऊन पोचलं नव्हतं. कड्यांच्या माथ्यावर ते पिवळं पसरलं होतं आणि खाली सगळं निळसर, ओलं. पायवाट कधी नदीच्या अगदी जवळ यायची, कधी कड्याला धरून वर चढायची. अवघड जागी कुणीतरी खडकात लोखंडी कड्या ठोकून साखळी लावली होती. दगडांवर शेवाळ, दगडांच्या फटींतून नेचे, आणि नेच्यांच्या पानांवरून थेंब निसटायचे. एका जागी नदीनं खडक कोरून गोल रांजण केले होते, आणि प्रत्येक रांजणात आभाळाचा एकेक तुकडा पडलेला.

ती पुढे चालत होती. कितीतरी वर्षांनी तिचे पाय असे हलके झाले होते. स्टुलावर बसून बसून कंबर आखडलेली, पण इथं ती कंबर तिला आठवतही नव्हती. एक निळा खंड्या पाण्यावरून सरळ रेघ ओढत गेला. ती थांबली, त्याच्याकडे बघत राहिली, आणि तो दिसेनासा झाल्यावर पुन्हा चालायला लागली. झोपेत चालावं तशी ती चालत होती, पण इतकी जागी ती बऱ्याच दिवसांत नव्हती.

मागे नवऱ्याचे गुडघे कुरकुरत होते. तो अधूनमधून थांबायचा, साखळीला टेकायचा. तिनं दोनतीनदा वळून बघितलं, त्यानं हात हलवला, "चल तू, येतोय."

एका वळणावर समोरून एक जोडपं आलं. दोघांचे केस ओले, खांद्यावर टॉवेल. बाई हसून काहीतरी म्हणाली आणि मागे हात केला. पुरुषानंही काही सांगितलं, पण तो घाम पुसत होता, त्याच्या तोंडावर रुमाल होता. पाणी छान आहे असं सांगत असतील, तिला वाटलं.

"हो ना," ती म्हणाली, आणि हसून पुढे गेली.

पुढे वाट फुटली होती. एक फाटा वर कड्यावर चढत होता, दुसरा खाली, रुंद आणि सोपा दिसणारा. तिनं सोपा धरला. नदी इथं एका प्रचंड खडकाआड गेली होती. वाटेवर बारीक दगड पसरले होते, मग थोडे मोठे, मग ओली माती. वर बघितलं असतं तर तिला कड्याच्या अंगावरचा ताजा, तांबडा ओरखडा दिसला असता. ती पायांकडे बघत होती. दगड पायांखाली सरकायला लागले तेव्हा तिनं हात पसरून तोल सांभाळला आणि आणखी एक पाऊल टाकलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी तिचा दंड असा धरला की ती किंचाळलीच.

नवरा होता. चेहरा लालबुंद, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, पिशवी कुठंतरी टाकून आला होता. त्यानं तिला खेचत मागे नेलं, पार फाट्यापर्यंत, आणि मगच सोडलं. तो तिच्यावर ओरडत होता. इतक्या वर्षांत तो ओरडलेला तिनं पाहिला नव्हता.

"हाका मारतोय मी! कधीचा हाका मारतोय! दरड कोसळलीय तिथं. पुढे वाटच नाहीये, सरळ खाली नदी! त्या दोघांनी सांगितलं ना तुला? मला म्हणाले, बाईंना सांगितलंय, त्या हो म्हणाल्या. आणि तू सरळ तिकडेच!"

 जुनी सवय तोंडात आलीच.

"पाण्याच्या आवाजात ऐकू नाही आलं," ती म्हणाली.

 त्यानं आजूबाजूला बघितलं. मग तिच्याकडे बघितलं, नेहमीसारखं ओझरतं नव्हे, नीट, एखाद्या कुलपाच्या भोकात बघतो तसं.

"इथं पाण्याचा आवाज येत नाहीये," तो म्हणाला. "खडकाआड गेलंय पाणी. इथं एकदम शांत आहे."

ती खाली बसली. एका सपाट दगडावर, पाय जवळ घेऊन. बराच वेळ तिच्यानं मान वर करवेना, कारण मान वर केली की त्याचं बोलणं वाचावं लागणार. मग तिनं मान वर केली.

"मला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "थोडं येतं. समोर असलं की येतं. मागून नाही येत."

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला, दुखऱ्या गुडघ्यांसकट. तोंडावर मिशी, तिच्यावरून घामाचे थेंब. तो काहीतरी पुटपुटला.

"मिशी बाजूला करा," ती म्हणाली. "दिसत नाही काय म्हणताय ते."

त्यानं खरंच दोन बोटांनी मिशी वर धरली. "मला वाटलं, तू रागावलीयस," तो म्हणाला.

"कशाला रागावू?"

"पोरीला पाठवलं म्हणून. तुझी इच्छा नव्हती. मी परस्पर हो म्हणालो. त्यानंतर तू बोलेनाशी झालीस. मी काही विचारलं तरी उत्तर नाही. वाटलं, ठीक आहे, तिचा राग आहे, राहू दे. पण मी माफी मागितली ना गं तुझी. एकदा नाही, कितीदा."

"माझी? कधी?"

"तू भांडी घासायचीस तेव्हा. मागे उभा राहून."

"मागे उभं राहून?" तिला हसावं की रडावं कळेना. "अहो, समोर येऊन नाही मागायची माफी?"

"समोरून धीर नाही झाला," तो म्हणाला. मिशी अजून बोटांत धरलेली होती.

मग ती रडली, आणि रडता रडता हसली, आणि तोही. वरून कुणी बघितलं असतं तर त्याला काही कळलं नसतं, एक बाई दगडावर आणि समोर मिशी धरून बसलेला माणूस. रागावले तेवढे दिवस पुरे झाले, असं कुणी म्हणायची गरजच नव्हती, कारण रागावलं कुणीच नव्हतं. ती समजत होती की हा बोलेनासा झाला, तो समजत होता की ही. आणि तो तर उलट रोज बोलत होता. मोरीपाशी, जिन्यावर, अंथरुणात तिच्या पाठीला. ती सगळी वाक्यं कुठं गेली असतील, असं तिच्या मनात आलं. भिंतींनी ऐकली असतील. पुसायच्या फडक्यानं ऐकली असतील.

उठले, पिशवी शोधली, वरची वाट धरली. आता तो पुढे होता आणि दर थोड्या अंतरावर वळून तिच्याकडे तोंड करून बोलत होता. "इथं घसरडं आहे." "इथं साखळी धर." "ही पायरी उंच आहे." त्या नादात स्वतःच एकदा ठेचकाळला.

आणि मग एका कपारीतून वाकून पलीकडे गेल्यावर तिला धबधबा दिसायच्या आधी जाणवला. पायांतून वर आला, पोटातून छातीत. छातीच्या हाडावर कुणीतरी तळहात ठेवून हलकेच थोपटत होतं. तिनं आपला हात तिथं नेऊन ठेवला.

नवऱ्यानं वळून विचारलं, "येतंय ऐकू?"

"इथं येतंय," ती म्हणाली.

धबधबा फार उंच नव्हता. दोन कडे एकमेकांच्या इतके जवळ आले होते की मध्ये जेमतेम नदी मावावी, आणि त्या फटीतून पाणी आपलं सगळं अंग एकत्र करून खाली झेप घेत होतं. खाली डोह. पेटीवालीनं एरवी कितीही तिखटमीठ लावलं तरी या बाबतीत ती खरं बोलली होती. पाणी हिरवंगार होतं. कड्यावरून एक उन्हाची पट्टी तिरकी खाली आली होती आणि पाण्यात शिरून तळापर्यंत गेली होती. तळाचे दगड हलत होते, म्हणजे हलत नव्हते, पण हलल्यासारखे दिसत होते. त्या उजेडात तुषार तरंगत होते आणि एक चतुर एकाच जागी थांबून राहिला होता.

तिनं चपला काढल्या. विजार गुडघ्यापर्यंत वर घेतली, मग विचार बदलून पुन्हा खाली सोडली. नवरा टॉवेल हातात धरून उभा होता, बाळ अंघोळीहून येईल म्हणून उभं राहावं तसा.

"पोहता येतं ना अजून?" त्यानं विचारलं.

तिनं उत्तर दिलं नाही. पाणी इतकं गार होतं की घोट्याशी श्वास अडकला, गुडघ्याशी पुन्हा अडकला, आणि कमरेशी आल्यावर तिनं तो सोडूनच दिला आणि पुढे पडली.

हातपाय काही विसरले नव्हते. पहिल्या दोन हातांत जरा गोंधळ झाला, नाकात पाणी गेलं, मग कुठंतरी आत काहीतरी जागेवर बसलं आणि ती पोहायला लागली. डोहाच्या मध्यापर्यंत गेली. तिथं तिनं श्वास भरला आणि खाली गेली.

खाली हिरवा उजेड होता. हातांवर, शर्टाच्या फुगलेल्या बाह्यांवर, समोर. आणि तिच्या ध्यानात आलं की इथं ऐकू यायचं असं काही नाहीच. इथं कुणालाच येत नाही. इथं कुणी हाका मारत नाही, कुणी अपेक्षेनं बघत नाही, "हो ना" म्हणायला तोंडच उघडत नाही. धबधब्याचा धक्का पाण्यातून तिच्या सगळ्या अंगाला लागत होता, एकसारखा, न थांबता, एखाद्या मोठ्या जनावराच्या कुशीत असल्यासारखा. तिचे केस सुटले आणि वर तरंगले. दम संपेपर्यंत ती तिथं राहिली आणि दम संपल्यावर आणखी थोडी.

वर आली तेव्हा नवरा गुडघाभर पाण्यात होता, बूट घालूनच. चेहरा पांढरा.

"बुडालीस की काय!"

"बूट काढा," ती म्हणाली. "आणि या."

"मला नाही येत."

"माहितीये मला. या."

त्याला कमरेएवढ्या पाण्यात आणायला तिला बरीच मिनतवारी करावी लागली. पुन्हा पुन्हा परत गेला. एकदा म्हणाला, गुडघ्यांना गारठा बाधेल. एकदा म्हणाला, पिशवी कुणी नेली तर? त्या घळीत त्यांच्याखेरीज फक्त चतुर होता. शेवटी तिनं त्याच्या मानेखाली एक हात घातला, पाठीखाली दुसरा, आणि म्हणाली, "आता आडवे व्हा. अंथरुणावर पडता तसे. मी धरलंय."

तो पडला. एवढा मोठा माणूस, पण पाण्यात पिसासारखा हलका झाला. आधी सगळं अंग आखडलेलं, मग हळूहळू सैल. कान पाण्याखाली गेले, मिशी ओली होऊन बाजूला झाली. त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या बरोबर खाली होता, आभाळाकडे केलेला.

आणि तो बोलायला लागला. तिला त्याचा प्रत्येक शब्द दिसत होता. पोरीचा फोन येतो तेव्हा ती दरवेळी तुझंच विचारते, असं म्हणाला. दुकानात बसलं की वरच्या खोलीतली तुझी पावलं मोजत राहतो, असं म्हणाला. गेल्या हिवाळ्यात दोन माणसं एकाच दाराच्या दोन किल्ल्या करायला आली, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही, ती गोष्ट त्यानं तिला मोरीपाशी सांगितली होती आणि ती हसली नव्हती, तेव्हा फार वाईट वाटलं होतं, असंही म्हणाला.

"मग पुढे काय झालं त्या दोघांचं?" तिनं विचारलं.

"काय?"

"त्या दोघांचं काय झालं?"

"काय म्हणतेस? कानात पाणी आहे, ऐकू येत नाहीये."

ती इतकी हसली की हात सुटला आणि तो गटांगळी खाऊन खोकत उभा राहिला. मग पहिल्यापासून पुन्हा सांगितलं त्यानं, उभ्यानं, तिच्याकडे तोंड करून.

पुढचं थोडक्यात. भट्टी पुन्हा पेटायच्या आधीच दोघं कानाच्या डॉक्टरकडे गेले. गेलेलं सगळं परत येणार नाही, डॉक्टरीणबाईंनी तिच्या समोर बसून, सावकाश सांगितलं, पण बरंच येईल. कानामागे बसणारं मशीन मिळालं. पहिल्या दिवशी ती घरभर फिरून एकेका वस्तूला हात लावत होती आणि ती वाजते का बघत होती. कागद वाजतो, हे ती विसरून गेली होती. जिना उतरून दुकानात गेली, तेव्हा तो किल्ली घासत होता. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"एवढं ओरडतं हे मशीन? आणि तुम्ही दिवसभर याच्यापुढे बसता? उद्यापासून कानात बोंडं घालायची. घालायची म्हणजे घालायची."

कारखान्यात तिनं पेटीवालीला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. पेटीवालीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"माहिती होतं की," ती म्हणाली. "सगळ्या लाईनीला माहिती होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू नाही बोललीस, मग म्हटलं आपण कशाला? आणि खरं सांगू? माझे विनोद इतके पाणचट असतात, हसणारी तूच एकटी होतीस. म्हटलं, जाऊ दे, न ऐकता हसते तर हसू दे."

मुलीचा फोन आला तेव्हा ती पलंगावर मांडी घालून बसली आणि बोलत राहिली. मुलगी मध्येच म्हणाली, "आई, दूध?" "कसलं दूध?" ती म्हणाली, आणि मग तिनं तिलाही सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मशीन बिघडलं की काय, असं तिला वाटलं. पण पलीकडे मुलगी रडत होती, आणि रडणं ऐकू येत होतं.

घळीत मात्र ते जात राहिले. दर उन्हाळ्यात दोनतीनदा तरी. ती काठावर मशीन काढून टॉवेलात गुंडाळून ठेवायची आणि पाण्यात शिरायची. तो पोहायला कधीच शिकला नाही, पण तरंगायला शिकला, आणि इतका छान शिकला की तासन् तास डोहाच्या कडेला पोट वर करून पडून राहायचा, डोळे मिटून, हातपाय सोडून.

त्यापायी एकदा मोठीच गंमत झाली. एक तरुण गिर्यारोहक पहिल्यांदाच त्या घळीत आला होता. कपारीतून बाहेर पडला आणि पाहतो तर पाण्यात एक धिप्पाड माणूस, हालचाल नाही. त्यानं पाठीवरच्या ओझ्यासकट, बुटांसकट उडी घेतली आणि नवऱ्याला गळ्याला धरून काठाकडे ओढायला लागला. नवऱ्याला झोपेतून जाग आली ती या हल्ल्यानं. तोही झटापट करायला लागला. ती धबधब्याजवळ होती. तिनं वळून पाहिलं, दोघांची तोंडं उघडमीट होताना पाहिली, एकाचं "घाबरू नका!" आणि दुसऱ्याचं "सोड मला!", आणि तिला इतकं हसू फुटलं की एका खडकाला धरून राहावं लागलं.

नंतर तिघं एका मोठ्या दगडावर बसले. गिर्यारोहकाचं सगळं सामान ओलं झालं होतं, मोजे, नकाशा, पाव. तिनं ते एकेक पिळून उन्हात मांडलं. तो पुन्हा पुन्हा माफी मागत होता आणि नवरा पुन्हा पुन्हा त्याचे आभार मानत होता, कारण त्याला वाचवायला आजवर कुणी बुटांसकट उडी मारली नव्हती. उन्हाची पट्टी हळूहळू पाण्यावरून कड्यावर चढली. नकाशा वाळताना कडेनं वळायला लागला. तिनं त्याच्या चारी कोपऱ्यांवर नदीतले चार गोटे ठेवले आणि पुन्हा एकदा पाण्याकडे निघाली.